युरोपची मुख्यभूमी

युरोपची मुख्यभूमी कोठे सुरू होते, हा प्रश्न नकाशावर बोट ठेवून सुटण्यासारखा वाटतो. परंतु तोच लंडन, स्टॉकहोम आणि पालेर्मो येथील रहिवाशांना विचारला, तर तीन निरनिराळी उत्तरे मिळतात, आणि ज्याच्या त्याच्या जागेवरून पाहता ती तिन्ही यथार्थ असतात.

ब्रिटनचे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. डोव्हरची सामुद्रधुनी अवघी ३३ किलोमीटर रुंद. पण १८०६ साली नेपोलियनने बर्लिनहून फर्मान काढून ब्रिटिश मालाला युरोपची बंदरे बंद केली, तेव्हा त्या अंतराला राजकीय सरहद्दीचे स्वरूप आले, आणि १९९४ पासून समुद्रतळाखालून आगगाड्या धावत असूनही पलीकडचा मुलूख इंग्रजांच्या लेखी ‘कॉन्टिनेंट’च राहिला आहे.

मला अधिक मननीय वाटते ते स्वीडनचे उदाहरण. स्वीडन हे बेट नव्हे. उत्तरेस टॉर्ने नदी ओलांडली की फिनलंड आणि पुढे रशिया, असा खुष्कीचा मार्ग अखंड आहे. तरीही स्वीडिश लोक ‘कॉन्टिनेंट’ म्हणतात तो बाल्टिक समुद्रापलीकडच्या दक्षिणेकडील प्रदेशाला. कारण ल्यूबेकचे व्यापारी काय किंवा विटेनबर्गला शिकून ल्यूथरची शिकवण स्वदेशी आणणारा ओलाउस पेट्री काय, त्यांच्या इतिहासाला वळण देणारे बरेच काही याच जलमार्गाने आले, आणि उत्तरेच्या हिमाच्छादित अरण्यांतून जाणारी वाट भूगोलात असली तरी व्यवहारात तिला फारसे स्थान नव्हते. २००० साली ओरेसुंडवरील पुलाने स्वीडन कोपनहेगनला जोडला गेला खरा. पण कोपनहेगनही बेटांवरच वसलेले, आणि युटलंडच्या सलग भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी फ्यून हे आणखी एक बेट ओलांडावे लागते. डेन्मार्कची गणना ‘कॉन्टिनेंट’मध्ये करावी की नाही, याविषयी खुद्द स्वीडनमध्येही एकवाक्यता नाही.

दक्षिणेकडे ही व्याख्या आणखी संकोच पावते. सिसिली व सार्डिनिया येथील लोकांचे ‘कॉन्टिनेंट’ म्हणजे इटलीचा द्वीपकल्पीय भाग, कॉर्सिकाच्या रहिवाशांचे म्हणजे फ्रान्स. पोर्तुगालच्या सरकारी दप्तरात तर अझोर्स आणि मदेरा वगळून उरलेल्या देशाला ‘कॉन्टिनेंटल पोर्तुगाल’ अशी रीतसर संज्ञाच आहे. याची परिसीमा स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड द्वीपसमूहात आढळते: तेथील सर्वांत मोठ्या बेटाचे नावच ‘मेनलँड’, आणि येल बेटावरचा शेतकरी लर्विकच्या बाजारासाठी नावेत बसतो, तेव्हा तो या मुख्यभूमीवरच जात असतो.