हृदय-नलिकाप्रवेशन

हात किंवा जांघ येथील नीलेतून वा रोहिणीतून एक लांब, बारीक व लवचिक नळी हृदयाच्या कप्प्यांपर्यंत सरकवून तेथील दाब मोजणे, रक्ताचे नमुने घेणे आणि क्ष-किरणरोधक द्रव्य सोडून चित्रे घेणे, या तपासणीस हृदय-नलिकाप्रवेशन म्हणतात. नळीला कॅथेटर हे नाव रूढ आहे. हृद्‌रोहिण्यांचे चित्रण म्हणजे अँजिओग्राफी हा या तपासणीचा केवळ एक भाग होय. व्यवहारात मात्र लोक सर्वच प्रकारांना अँजिओग्राफी म्हणतात आणि पुष्कळदा तिलाच शस्त्रक्रिया समजतात.

१९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सव्हाल्डे येथील तरुण वैद्य व्हेर्नर फोर्समान यांनी मूत्रवाहिनीसाठी वापरावयाची ६५ सेंमी. लांबीची नळी स्वतःच्याच डाव्या हाताच्या नीलेतून हृदयापर्यंत नेली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन तिचे छायाचित्र काढविले. या धाडसाचे कौतुक झाले नाही. पुढे ते मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियेकडे वळले. न्यूयॉर्क येथे आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी १९४० नंतर या पद्धतीला शास्त्रीय मोजमापाचे स्वरूप दिले व १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. हृद्‌रोहिण्यांचे निवडक चित्रण मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये सुरू केले.

शस्त्रक्रियेपूर्वी या तपासणीचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. झडप बदलावयाच्या प्रौढ रुग्णात हृद्‌रोहिण्या अरुंद झालेल्या आहेत काय हे आधी कळल्यास दोन्ही दोष एकाच वेळी दुरुस्त करता येतात. दुसरा प्रकार अधिक निर्णायक आहे. दोन निलयांमधील पडद्यास जन्मतः मोठे छिद्र असल्यास डाव्या बाजूचे रक्त उजवीकडे घुसते व फुप्फुसांकडे वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक रक्त जाते. निरोगी हृदयात उजव्या बाजूच्या रक्तात ऑक्सिजनाची संपृक्तता सु. ७५ टक्के असते. नळीने घेतलेल्या नमुन्यात ती उजव्या निलयात एकदम वाढलेली आढळली, तर छिद्रातून किती रक्त वाहते याचे गणित मांडता येते. वर्षानुवर्षे असा भार पडल्याने फुप्फुसातील रोहिण्या जाड व कठीण होतात. त्यांचा रोध फार वाढल्यावर छिद्र बुजविणे घातक ठरते, कारण तोवर ते छिद्रच उजव्या निलयाचा दाब हलका करणारी वाट बनलेले असते. रुग्णास ऑक्सिजन किंवा नायट्रिक ऑक्साइड हुंगवून रोध उतरतो काय हे पाहिले जाते. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे यावरून ठरते. श्राव्यातीत ध्वनिचित्रणामुळे साध्या दोषांत नलिकाप्रवेशनाची गरज आता उरलेली नाही. उशिरा आलेल्या मुलात मात्र त्याला पर्याय नाही.

लहान मुलांना गुंगी देतात. प्रौढांत फक्त टोचण्याची जागा बधिर करतात. रक्तवाहिनीच्या आतून सरकणारी नळी दुखत नाही, मात्र द्रव्य सोडताना अंगभर उष्णता जाणवते व काही ठोके चुकतात. नळी जांघेतून घातली असल्यास नंतर काही तास पाय न वाकविता पडून राहावे लागते. मनगटातून घातल्यास लवकर उठता येते. रक्तस्राव, द्रव्याची ॲलर्जी, मूत्रपिंडास इजा हे धोके आहेत. निदानापुरत्या तपासणीत मृत्यूचे प्रमाण हजारी सु. एक किंवा त्याहून कमी आहे.

खानदेशात दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५° से.च्या घरात जाते. शरीरातील पाणी घटलेले असताना क्ष-किरणरोधक द्रव्य मूत्रपिंडास अधिक बाधते. तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावयाचे असते, घरून निघाल्यापासून नव्हे. हा खुलासा दूरच्या रुग्णास आवर्जून करावा. दुसरी गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याची. चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा इ. समाजांत दात्रकोशिका विकार आढळतो. पाणी वा ऑक्सिजन कमी पडल्यास अशा रुग्णाच्या तांबड्या कोशिका कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. म्हणून रक्ताची ही तपासणी आधी करून घेणे, शिरेतून पुरेसा द्रव देणे व कमी तर्षण दाबाचे द्रव्य वापरणे इष्ट असते.

धुळे येथे आधीपासून व जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रौढांची अँजिओग्राफी आता या दोन्ही शहरांत होते. मुलांच्या गुंतागुंतीच्या दोषांसाठी मात्र बहुधा नासिक, मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत धुळे होते; जळगावचा समावेश नोव्हेंबर २०१३ मध्ये, योजना राज्यभर झाल्यावर झाला. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. खर्चाची अडचण तिने पुष्कळ कमी केली. उशिराची अडचण मात्र योजनेने सुटत नाही. दूध पिताना घामाघूम होणारे, वजन न वाढणारे, वारंवार न्यूमोनिया होणारे मूल अंगणवाडीतील तपासणीत वेळीच ओळखले गेले, तर पहिल्या वर्षातच छिद्र बंद करता येते व पुष्कळदा नळी घालण्याचीही वेळ येत नाही. तेच मूल ओठ निळे पडल्यावर, शाळेच्या वयात आणले गेले, तर नळीने मोजलेला रोध बहुधा शस्त्रक्रियेच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो.