टेक्ससचे अखेरचे अध्यक्ष : डॉ. अ‍ॅन्सन जोन्स



राष्ट्राच्या अध्यक्षानेंच त्या राष्ट्राचें अस्तित्व संपलें म्हणून जाहीर करावें, आणि प्रजेनें आनंद मानावा, असा प्रसंग इतिहासांत विरळाच. १९ फेब्रुवारी १८४६ रोजीं ऑस्टिन येथें तो घडला. टेक्ससचें प्रजासत्ताक राज्य अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिळालें होतें, आणि त्या दिवशीं डॉ. अ‍ॅन्सन जोन्स यांनीं आपली सत्ता नव्या गव्हर्नरच्या स्वाधीन केली.

हे गृहस्थ मूळचे डॉक्टर. १७९८ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचा परवाना मिळाला, पण यश मिळेना. औषधांचें दुकान बुडालें. फिलाडेल्फियांत एका सावकारानें त्यांना अटक करविली. व्हेनेझुएला झालें, न्यू ऑर्लिन्समधील व्यापार झाला. १८३३ सालीं ते टेक्ससमधील ब्राझोरिया गांवीं आले. तो मुलूख तेव्हां मेक्सिकोच्या अंमलाखालीं होता. तेथूनहि ते परतण्याच्या बेतांत होते; पण गांवकऱ्यांनीं आग्रहानें ठेवून घेतलें, आणि थोड्याच काळांत वार्षिक प्राप्ति ५,००० डॉलरवर गेली!

१८३६ सालच्या सॅन जॅसिंटोच्या लढाईंत त्यांनीं पलटणीच्या सर्जनचें काम पत्करलें. दर्जा मात्र साध्या शिपायाचाच ठेवण्याचा हट्ट धरला. माणूस मानी होता, हें येथेंच दिसतें.

लढाई जिंकली, तरी मेक्सिको टेक्ससचें स्वातंत्र्य मानीना. बहुतेक लोकांना संयुक्त संस्थानांत जावयाचें होतें. परंतु टेक्ससांत गुलामगिरी असल्यामुळें तिकडे मोठा विरोध होता. अशा स्थितींत, डिसेंबर १८४४ मध्यें, जोन्स अध्यक्ष झाले. पुढल्या मार्चमध्यें विलीनीकरणाचा देकार आला. पण इंग्रज व फ्रेंच वकिलांच्या मध्यस्थीनें मेक्सिकोकडूनहि मान्यता मिळवावी, आणि दोन्ही पर्याय लोकांपुढें ठेवावे, असा त्यांचा बेत होता. टेक्ससनें अन्य राष्ट्रांत विलीन होऊं नये, एवढीच मेक्सिकोची अट.

मेक्सिकोचें उत्तर येईपर्यंत डॉक्टर गप्प राहिले. लोक खवळले. त्यांची प्रतिमा जाळण्यांत आली, सरकार उलथण्याच्या धमक्या आल्या. तरी ते बोलेनात. नाडी हातीं असतां रोग्याच्या आप्तांशीं वाद घालूं नये, हें वैद्यकांत ठीक. राजकारणांत मात्र मौनाचा अर्थ ज्यानें त्यानें आपापल्या परीनें लावावा! जून १८४५ मध्यें त्यांनीं मेक्सिकोचा देकार जाहीर केला. ४ जुलैच्या परिषदेंत एक मत वगळतां सर्वांनीं विलीनीकरणच पसंत केलें.

सेनेटवर ह्यूस्टन व रस्क निवडले गेले. जोन्स यांना कोणी विचारलें नाहीं. गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या आपल्या मळ्यावर ते संपन्न झाले, पण उपेक्षेचें शल्य गेलें नाहीं. १८४९ सालीं अपघातानें डावा हात निकामी झाला. १८५७ सालीं पुन्हा सेनेटची आशा धरली. एकहि मत पडलें नाहीं. ९ जानेवारी १८५८ रोजीं ह्यूस्टन शहरांतील एका हॉटेलांत त्यांनीं आत्महत्या केली. हें हॉटेल म्हणजे प्रजासत्ताकाच्या जुन्या विधिमंडळाची इमारत. वीस वर्षांपूर्वीं प्रतिनिधि म्हणून ते तेथेंच बसत असत.

आपली बाजू मांडणारीं टिपणें व सरकारी पत्रव्यवहार त्यांनीं जुळवून ठेविला होता. १८५९ सालीं न्यूयॉर्कला त्याचें पुस्तक छापून निघालें.