गिरगांवच्या वाड्या आणि चाळी

मुंबईच्या चर्नी रोड स्टेशनावर उतरलें कीं पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस गिरगांव. देवळें, शाळा, दुकानें आणि चाळी यांची येथें एवढी दाटी आहे कीं, नवख्या माणसास कोणता रस्ता कोठें संपतो याचा अंदाज येऊं नये. येथें जुनें आणि नवें शेजारीं शेजारीं नांदतें, असें नेहमीं म्हटलें जातें. विधान खोटें नाहीं. पण त्यानें गिरगांवचें मर्म उलगडत नाहीं. ज्याला आज परंपरा म्हणून गौरवितात, तें पुष्कळसें येथें एकेकाळीं अगदीं नवें होतें. तें येथेंच कां रुजलें, हा खरा प्रश्न आहे.

फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट हीं नांवें पाहिलीं म्हणजे येथें पूर्वीं बागा आणि शेतें होतीं हें ध्यानांत येतें. खोताच्या वाडींतील लांकडी जिन्यांचीं व कौलारू छपरांचीं घरें त्या जुन्या वस्तीची आठवण अद्याप देतात. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून आणि देशावरून माणसें पोटापाण्यासाठीं मुंबईस आलीं आणि या बागांच्या जागीं चाळी उभ्या राहिल्या. चाळ ही कांहीं गांवाकडची रीत नव्हे. ती नव्या शहराच्या गरजेंतून निर्माण झाली. खोली लहान; पण गॅलरी, जिना, नळ आणि चौक सर्वांचे. गांवीं अंगण जें काम करी, तें येथें गॅलरीनें केलें. पापड तेथेंच वाळले, वादही तेथेंच झाले, आणि शेजारच्या घरचें आजारपण न सांगतां सर्वांना कळलें.

या सामाईक जागेंतूनच गिरगांवच्या सार्वजनिक जीवनाचा उगम झाला. गणपति पूर्वींही घरोघर बसत. पण १८९३ सालीं केशवजी नाईकांच्या चाळींत तो साऱ्या चाळीचा झाला. देव जुना, पूजा जुनी. मात्र वर्गणी, व्याख्यान, मेळा आणि मंडप ही व्यवस्था सर्वस्वी नवी होती. ज्यांना आधींपासून नळ आणि जिना वांटून घेण्याची संवय होती, त्यांना उत्सव वांटून घेणें जड गेलें नाहीं.

चित्रपटाची कथा अशीच आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं येथील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. यंत्र विलायती, कथा पुराणांतली. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट मॅजेस्टिकमध्यें लागला. तें चित्रगृह आज नाहीं. त्या जागेवरील दुकानांच्या इमारतीनें नांव तेवढें राखलें आहे. १९३५ मध्यें स्थापन झालेल्या साहित्य संघानें पुढें केळेवाडींत मराठी नाटकाला हक्काचें घर दिलें.

या जीवनाला उतार लागला त्याचें एक कारण कायद्यांत सांपडतें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. भाडेकरूंना आधार मिळाला, हें खरें. पण उत्पन्न वाढेना, तेव्हां मालकांनीं डागडुजी टाळली. तुळया कुजल्या, जिने खचले. १९६९ मध्यें दुरुस्तीसाठीं सरकारी मंडळाचा कायदा झाला. परंतु दुखणें मुळांत फार पुढें गेलें होतें. आतां अनेक चाळींच्या जागीं उंच इमारती येत आहेत. भुयारी मेट्रोसाठींही कांहीं चाळी पाडाव्या लागल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें गिरगांव स्थानक प्रवाशांस खुलें झालें.

या बदलाबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणें न्यायाचें नाहीं. सामाईक शौचकूपापुढें पहांटे रांगेंत उभ्या राहणाऱ्या गृहिणीला, किंवा चार जिने चढतांना धापा टाकणाऱ्या वृद्धाला, नव्या घराची ओढ वाटणें स्वाभाविकच आहे. मात्र नव्या इमारतींचे नकाशे काढतांना खोल्यांचें क्षेत्रफळ जितक्या कसोशीनें मोजलें जातें, तितक्याच कसोशीनें सर्वांच्या जागेचा विचार होतो काय, हें रहिवाशांनीं विचारावयास हवें. तळमजला सारा मोटारींनीं व्यापला, आणि मजल्यावर बंद दारांची अरुंद बोळ तेवढी उरली, तर मूर्ति आणतां येईल, आरतीही होईल. परंतु शेजाऱ्याचें दार रोज उघडें दिसण्यानें जी ओळख होते, ती दहा दिवसांत होत नाहीं. बसावयास एक ओटा, मुलांना खेळावयास एक चौक, आणि सभेला पुरेल एवढी एक खोली, ही मागणी फार मोठी नाहीं. करारावर सही होण्यापूर्वीं ती कागदावर येणें मात्र अगत्याचें आहे.