महागाईचा दर आणि रेपो दराची वेसण

ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे सर्वसाधारण कुटुंब वापरत असलेल्या वस्तू व सेवांच्या भावांची भारित सरासरी, वर्षभरात जितके टक्के वाढतो त्याला किरकोळ महागाईचा दर म्हणतात. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन हा दर ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात राखण्याची जबाबदारी बँकेवर आली आणि व्याजदराचा निर्णय सहा सदस्यांच्या पतधोरण समितीकडे गेला. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर पोहोचल्यावर समितीने रेपो दर, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीचे कर्ज ज्या दराने मिळते तो दर, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. कर्ज महागले की मागणी मंदावते. मात्र २०१२ या पायावर्षाच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता, आणि पावसाने ओढ दिल्यामुळे कडाडलेल्या भाज्यांच्या भावांवर या उपायाची मात्रा फारशी चालत नाही.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो वास्तव परतावा, म्हणजे व्याजातून महागाई वजा जाता उरणारी वाढ: ठेवीवर ७ टक्के व्याज मिळाले आणि महागाई ६ टक्के असली, तर क्रयशक्ती जेमतेम १ टक्क्याने वाढते, आणि त्यातूनही कर वजा होतो. व्याजदर चढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचे बाजारभाव उतरतात, आणि दीर्घ मुदतीच्या रोख्यांत ही जोखीम अधिक असते.