रानातला लाल चहा, खुडलेला नव्हे, कापलेला

‘रानातल्या झुडपांची हातानं खुडलेली पानं’ असं हर्बल टीच्या डब्यावर छापलेलं असलं, की आपण किंमत बघायची विसरतो. दक्षिण आफ्रिकेचा रुईबॉस हा या मंडळींतला लोकप्रिय पाहुणा. त्याच्याबद्दल काही गोष्टी नीट माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली म्हणजे, तो चहा नव्हेच. त्याचं नातं आहे आपल्या तूर-हरभऱ्याशी, तो शेंगवर्गातला. ‘कॅफीन काढून टाकलंय’ असं विक्रेता सांगत असेल तर तेही खोटं, कारण या झुडपात ते मुळातच नसतं. मराठीत अशा पेयाला सरळ शब्द आहे, काढा. पण काढा म्हटलं की ताप-खोकला आठवतो, आणि तो शब्द असलेला डबा भेट म्हणून कोण देणार?

नावाचा अर्थ ‘लाल झुडूप’, तरी रानात ते हिरवंच असतं. उन्हाळ्यात विळ्यानं फांद्या कापायच्या, पेंढ्या बांधायच्या, बारीक कातरून ठेचायच्या आणि ओलसर ढीग लावायचा. हवा लागून माल लाल होतो, गोडसर वास सुटतो, मग उन्हात वाळवतात. म्हणजे ‘खुडणं’ हे आसामच्या मळ्यातलं चित्र, इथलं नव्हे.

आता ‘रानातला’ या शब्दाकडे येऊ. बाजारातला बहुतेक रुईबॉस शेतातला असतो. केप टाउनच्या उत्तरेला सीडरबर्गचे डोंगर आहेत. तिथल्या क्लॅनविल्यम गावच्या डॉ. नॉर्टिये यांनी 1930च्या सुमारास ही लागवड जमवली. अडचण बियांची होती. शेंगा पिकल्या की तडकतात आणि बिया दूर उडतात. त्या वेचून आणणाऱ्या एका स्थानिक बाईला मुंग्यांच्या वारुळात बियांचा साठाच सापडला, अशी हकीकत सांगतात. खरं रानटी झुडूप आज थोडंच कापलं जातं, वुपर्टालसारख्या डोंगराळ गावांत. वणव्यानंतर ते बुडख्यातून पुन्हा फुटतं, पण दरवर्षी ओरबाडलं तर टिकत नाही. त्यामुळे जाणते लोक कापल्यावर त्याला विश्रांती देतात. डब्यावरचा ‘रानातला’ हा शब्द यातलं काहीच सांगत नाही. या झुडपाची ओळख मूळची तिथल्या खोई आणि सान या आदिवासी लोकांची, आणि त्यांना शेतावरच्या किमतीचा दीड टक्का वाटा देण्याचा करार व्हायला 2019 उजाडलं.

‘नैसर्गिक, म्हणजे अपाय नाही’ हा समज मात्र खरोखर धोक्याचा. रुईबॉसमध्ये सेनेसिओ नावाचं तण उगवतं आणि त्यातली काही द्रव्यं यकृताला घातक असतात. कापताना तण मिसळलं की विष थेट कपात. म्हणून युरोपीय संघानं वाळलेल्या मालात अशा द्रव्यांची मर्यादा किलोमागे 400 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. तण निवडणारा हात आणि मालाची तपासणी, भरवसा ठेवायचा तो यांवर.

राहता राहिला दुधाचा प्रश्न. ‘हर्बलमध्ये दूध चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एखाद्या घरी जावं. तिथे दूध-साखर घालून रुईबॉस सर्रास पितात. टॅनिन कमी असल्यानं तो आपल्यासारखा खळखळून उकळला तरी कडू होत नाही.