दहा हजारांत मॉनिटर घ्यायचाय? आधी मानेला आणि डोळ्यांना विचारा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत महिन्यातून एका रविवारी आम्ही बीपी आणि साखर तपासायला बसतो. गेल्या हिवाळ्यात तिथे चोवीस वर्षांची एक मुलगी आईसोबत आली. म्हणाली, "सिस्टर, दुपारनंतर डोळ्यांची आग होते, डोकं ठणकतं, मान तर वळतच नाही." बीपी ठीक होते, साखरही ठीक होती. मग विचारले, दिवसभर काय करतेस? एका मालवाहतूक कंपनीची बिले आणि नोंदी ती घरून भरते. दिवसाचे आठ-नऊ तास. चौदा इंची लॅपटॉप पलंगावर, आणि ही मांडी घालून त्याच्यावर वाकलेली.

आई म्हणाली, "बाई, मी हिला काम सोड म्हणते. डोळे गेले तर कोण विचारणार हिला?" मुलगी गप्प होती. तिच्या पगारावर खोलीचे भाडे आणि धाकट्या भावाची कॉलेजची फी चालते, हे आम्हाला ठाऊक होते. तेव्हा प्रश्न नुसत्या डोकेदुखीचा नव्हता. शिकलेल्या मुलीच्या हातातले काम सुटते की टिकते, हा प्रश्न होता.

आज घरोघरी अशी मुले-मुली आहेत. कोणी डेटा एंट्री करते, कोणी ऑनलाइन शिकवणी घेते, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधाऐवजी एका वस्तूविषयी लिहितो. आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही, पण वस्तू विकत घेताना शरीराची बाजू मांडायला कोणीतरी हवेच ना!

दुकानाआधी डोळ्यांची ओपीडी

त्या मुलीला आम्ही प्रथम महापालिकेच्या रुग्णालयात डोळे तपासायला पाठवले. छोटा नंबर निघाला आणि डोळे कोरडे पडल्याचे सांगितले. मोठा आजार नव्हता. आईचा जीव भांड्यात पडला.

हा क्रम चुकवू नका. नंबर असताना चष्मा नसेल, तर कितीही महागडा मॉनिटर आणा, डोके दुखणारच. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचा नंबर लागतो. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच. अचानक दिसेनासे झाले, डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखे झाले, डोळा लाल होऊन दुखू लागला, किंवा मानेतली कळ हातात उतरून बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर स्क्रीनला दोष देत घरी बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.

डोळे कोरडे का पडतात? एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण पाच-सातवर येते. पापणी मिटली नाही की डोळ्यांवरचे पाणी सुकते आणि आग होते.

लॅपटॉपची अडचण

लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सोयीच्या उंचीवर ठेवले तर स्क्रीन खाली जातो आणि मान वाकते. स्क्रीन वर घेतला तर हात उचलून धरावे लागतात. प्रवासात तासभर ठीक आहे, रोज आठ तास नाही. म्हणून वेगळा मॉनिटर, आणि सोबत साधा कीबोर्ड व माऊस. त्या मुलीला भिशीचे दहा हजार रुपये लागले होते. त्यातच सगळे बसवायचे होते.

इथे भावाने तोंड घातले. त्याला सत्तावीस इंची, वक्र पडद्याचा, १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर हवा होता. "ताई, दिवसा तू काम कर, रात्री मी खेळतो. एकदाच घ्यायचाय तर चांगला घेऊ." मागणी वावगी नव्हती. गरिबाघरच्या पोराने खेळूच नये, असे आम्ही कधी म्हणणार नाही. पण त्याचे गणित दहा हजारांच्या पुढे जात होते आणि घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी आम्हीच दोघांना घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो.

किती इंची घ्यावा?

मॉनिटरचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. यालाच फुल एचडी म्हणतात. पडदा मोठा झाला तरी ठिपके तेवढेच राहतात, फक्त पसरतात. चोवीस इंचीवर एका इंचात साधारण ९२ ठिपके येतात, सत्तावीस इंचीवर ८२. म्हणजे त्याच पैशांतला सत्तावीस इंची मोठा दिसतो, पण अक्षराची कड फाटल्यासारखी दिसते. बिलातले आकडे दिवसभर वाचणाऱ्याला ते जाणवते. सत्तावीस इंची घ्यायचाच तर २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा घ्यावा, आणि तो महाग पडतो.

आपल्या खोल्यांचाही विचार करा. स्क्रीन डोळ्यांपासून हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर दूर हवा. आपल्याकडची टेबले बहुधा दीड फूट खोल असतात आणि मॉनिटरचा स्टँडच त्यातली अर्धी जागा खातो. तिथे सत्तावीस इंची ठेवला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवावी लागते. बावीस किंवा चोवीस इंची पुरे. मागच्या बाजूला चार स्क्रूंची भोके आहेत का, तेही पाहा. याला वेसा माउंट म्हणतात. भोकांमधले अंतर ७५ किंवा १०० मिलिमीटर असते. ती असतील तर मॉनिटर भिंतीवर बसवता येतो आणि टेबल मोकळे राहते.

"घरात बत्तीस इंची टीव्ही आहे, तोच लावू," असे पुष्कळ जण म्हणतात. सिनेमाला हरकत नाही. पण साध्या एचडी रेडी टीव्हीवर एका इंचात पन्नासच्या आत ठिपके येतात. हातभर अंतरावरून त्यावर एक्सेलचा तक्ता वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच.

पॅनल कोणते?

दुकानदार तीन नावे घेतो: टीएन, व्हीए, आयपीएस. टीएनमध्ये जरा बाजूने पाहिले की रंग फिके पडतात, त्यामुळे माणूस नकळत एकाच कोनात ताठून बसतो. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, सिनेमा छान दिसतो, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे सावली ओढल्यासारखी दिसते. आयपीएस कुठल्याही बाजूने जवळपास सारखेच दिसते. दिवसा काम आणि संध्याकाळी भाऊ-बहिणींनी शेजारी बसून खेळ, अशा घराला आयपीएस बरे. पृष्ठभाग चकचकीत नसावा. मॅट असावा, म्हणजे खिडकी आणि ट्यूबलाइट त्यात चमकत नाही.

हर्ट्झ आणि खेळ

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात चित्र किती वेळा बदलते तो आकडा. ६० हर्ट्झवर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते, १०० हर्ट्झवर १०. वाढलेला आकडा खेळात कळतो आणि लांबलचक यादी वर-खाली सरकवतानाही कळतो. आजकाल दहा हजारांच्या आत ७५ आणि १०० हर्ट्झचे मॉनिटर सहज मिळतात.

मग १४४ का नको? कारण चित्र तयार करायचे काम संगणकाचे असते, मॉनिटर ते फक्त दाखवतो. त्यांच्या घरातल्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. मोठ्या खेळात तो सेकंदाला तीस-चाळीस चित्रे काढतानाच धापा टाकतो. चाळीसच येणार असतील तर १४४ चे दार उघडून काय उपयोग? दुकानातल्या मुलाने हे सांगितले तेव्हा भावाचा चेहरा उतरला, पण त्याला पटले. त्याने फ्रीसिंक असलेला शोधला. संगणक आणि मॉनिटर दोघांनाही ते चालत असेल, तर चित्र मधेच फाटल्यासारखे दिसत नाही.

"१ एमएस" या जाहिरातीलाही भुलू नका. तो आकडा वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात. हौशी खेळाला पाच मिलिसेकंदही पुरतात.

डोळ्यांच्या नावाने काय विकतात?

"हा आय-केअर मॉनिटर आहे, निळा प्रकाश अडवतो," असे म्हणत एका दुकानात आम्हाला दीड हजाराने महाग वस्तू दाखवली. निळ्या प्रकाशाचे भय बरेच विकले जाते. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने यावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात आढळले नाही. रात्री पडदा पिवळसर करायची सोय विंडोजमध्ये फुकट असते. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

मात्र "फ्लिकर-फ्री" हा शब्द असेल तर चांगले. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवा भराभर चालू-बंद करतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. ढोबळ तपासणी सोपी आहे. मॉनिटरचा उजेड अगदी कमी करा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा मॉनिटर दाखवायला सांगा.

जुना घ्यावा का?

ऑफिसातून निघालेले जुने मॉनिटर तीन-चार हजारांत मिळतात. पैसे नसतील तर कमीपणा वाटून घेऊ नका, वाकून काम करण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण एलईडी आहे ना, ते विचारा. त्याआधीच्या एलसीडी मॉनिटरमध्ये पारा असलेल्या बारीक नळ्या असत. त्या घरात फुटणे बरे नाही. दुकानात अर्धा तास चालू ठेवून बघा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून डाग आणि मेलेले ठिपके शोधा.

खरेदीच्या वेळी

- लॅपटॉपला एचडीएमआयची जागा आहे का, घरूनच पाहून जा. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए असेल तर तशी जागा असलेला मॉनिटर घ्या.
- मागच्या लेबलवर बीआयएसचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहा.
- पक्के बिल घ्या. वॉरंटी किती वर्षांची, किती मेलेल्या ठिपक्यांवर बदलून देतात, सर्व्हिस घरी येऊन की दुकानात, हे विचारा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- वीजबिलाची धास्ती नको. वीस वॉटचा मॉनिटर रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस चालला तर चार युनिट होतात.

शेवटी चोवीस इंची, आयपीएस, १०० हर्ट्झ, मॅट पडद्याचा मॉनिटर ठरला. आठ हजार दोनशे पडले. कीबोर्ड-माऊसला आठशे आणि स्पाइक गार्डला चारशे. सहाशे उरले. ते भावाने न सांगता ताईच्या चष्म्यासाठी बाजूला ठेवले.

घरी मांडताना

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर आणखी खाली. स्टँड बुटका असेल तर खाली जुनी जाड पुस्तके ठेवा. खिडकी समोर नको, पाठीमागेही नको, बाजूला असू द्या. उजेड खोलीइतकाच ठेवा. शेजारी धरलेला पांढरा कागद आणि पडदा सारखे दिसायला हवेत. अक्षरे बारीक वाटली तर विंडोजमध्ये १२५ टक्के करा. पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर पाहा. चाळीत वीस फूट कुठून आणायचे? दारातून समोरच्या गॅलरीकडे पाहायचे! तासाभराने उठायचे, पाणी प्यायचे, खांदे फिरवायचे.

खेळाबद्दलही सांगतो. घरात कोणाला फिट येत असतील, तर झगमगत्या खेळांआधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलांना रोज उन्हाच्या उजेडात बाहेर खेळू द्या, त्याने जवळची नजर लागण्याचा धोका कमी होतो. आणि खेळापायी झोप, शाळा, जेवण सुटू लागले, थांबवूनही थांबता येईना, तर मुलाला मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. मदत घ्या.

दोन महिन्यांनी ती मुलगी पुन्हा अभ्यासिकेत आली. मान अजून अधूनमधून आखडते, कारण महिनाअखेरीस अकरा तास बसावे लागते. मॉनिटर त्याला काय करणार? त्यासाठी मालकाशी बोलावे लागेल, आणि तेही आम्ही तिच्यासोबत बसून ठरवतो आहोत. पण डोकेदुखीची गोळी बंद झाली आहे. काम सोडायचा विषय आईने पुन्हा काढलेला नाही. त्या दिवशी आईनेच आम्हाला विचारले, "बाई, मला पण शिवणाच्या मशीनवर बसून असंच होतं. त्याचं काय करायचं?"

पुढच्या अंकात त्याविषयी.