वेशीवर थांबलेली लस

पनवेलला औषधांचं वावडं कधीच नव्हतं. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये इथे श्री धूतपापेश्वरचा कारखाना काढला, तेव्हा जंतूंमुळे रोग होतात हे मत युरोपातही वादातच होतं. पुढे तळोज्याला एमआयडीसी आली आणि आधुनिक औषधांची रसायनंही तालुक्यात बनू लागली. तरी गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेताना औषधाच्या टंचाईपेक्षा त्याच्या उधळपट्टीचीच हकिगत हाती लागते.

टंचाई होती ती अगदी सुरुवातीला. पेनिसिलीन परदेशातून यायचं. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि वर्षभरात घाटापलीकडेच पेनिसिलीन तयार होऊ लागलं. अपुऱ्या डोसाने जंतू मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात, असा इशारा पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच दिला होता. पण न्यूमोनियाने निपचित पडलेलं पोर चार दिवसांत उठून बसताना तो कोण ऐकणार?

हा इशारा कुष्ठरोगात खरा ठरला. पनवेलकरांना हा रोग नेऱ्याच्या शांतिवन या कुष्ठरुग्णांच्या संस्थेमुळे जवळून माहीत आहे. डॅप्सोन ही एकच गोळी रुग्ण वर्षानुवर्षं घेत. १९६४ मध्ये मलेशियात तिला दाद न देणारा जंतू सिद्ध झाला, मग तो ठिकठिकाणी सापडू लागला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याचा सल्ला दिला. एका औषधाला चुकवणारा जंतू कोट्यवधींत एखादा असतोच. तिन्हींना एकदम चुकवणारा सापडणं जवळपास अशक्य. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय, असं मला वाटतं. रोगाला कलंक होता, म्हणून औषधं शिस्तीत, सरकारी हातांतून गेली. बाकीच्या तापांच्या वाट्याला ही शिस्त आली नाही.

टायफॉईडचंच घ्या. उन्हाळ्यात देहरंग धरण तळाला जातं, पनवेलच्या गल्ल्यांत टँकर फिरतात, आणि पावसाळा लागला की दवाखान्यांत तापाची रांग लागते. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि विषमज्वराची दहशत ओसरली. १९९० च्या सुमारास मुंबईसह देशात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलीन आणि कोट्रायमोक्सझोल या तिघांनाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. ते इतकं सर्रास वापरलं गेलं, की दहा-पंधरा वर्षांत तेही बोथट झालं. आता भिस्त सेफ्ट्रायाक्झोनच्या इंजेक्शनांवर आणि अझिथ्रोमायसिनवर. गंमत म्हणजे, डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिणं सोडलं, तसे आपल्याकडचे बरेचसे जंतू पुन्हा त्याला बळी पडू लागले.

औषधांच्या या सर्रास वापरात मोठा वाटा विडाल या टायफॉईडच्या रक्तचाचणीचा. जिथे टायफॉईड मुरलेला आहे, तिथे जुन्या संसर्गामुळे किंवा भलत्याच तापातही ती पॉझिटिव्ह येते. खात्री हवी तर रक्ताचं कल्चर करावं लागतं. त्याला काही दिवस लागतात आणि पैसे जास्त. तेवढा धीर ना रुग्णाला, ना डॉक्टरला. ‘विडाल आली, टायफॉईड आहे’ म्हणून आठवडाभराच्या गोळ्या सुरू होतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेली पट्टी फ्रिजवरच्या डब्यात जाते आणि पुढच्या सर्दीला कामी येते. नाहीतर मेडिकलवाला असतोच: ‘पाचशेची अझी द्या, तीनवाली.’

रुग्णालयांत तर याहून वाईट चाललं होतं. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाने कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांतल्या २२ मध्ये ही ताकद देणारं एनडीएम-१ हे जनुक निघालं. २०१० मध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगांवरील नियतकालिकातही एनडीएमवर निबंध आला, आणि देशात रण पेटलं ते जनुकाच्या नावात ‘न्यू दिल्ली’ का, यावरून!

मग कायदा आला. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं: २४ अँटिबायोटिकं, वेगळी वही, त्यात डॉक्टर, रुग्ण आणि औषधाची नोंद. अझिथ्रोमायसिन त्या यादीत नाहीच. त्याला चिठ्ठी लागते ती जुन्या नियमाने, आणि तो नियम किती पाळला जातो ते वर आलंच आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याचंही तसंच. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळे पडलेले कुत्रे दिसले, देशभर बातमी झाली, कारखान्यावर कारवाई झाली. प्रतिजैविकांच्या अवशेषांना रंग नसतो. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात ते किती चालतील, याच्या मर्यादा केंद्राने जानेवारी २०२० च्या मसुद्यात घातल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या गाळल्या गेल्या.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती खाडीपलीकडची, कमी गाजलेली गोष्ट. २०१८ च्या पावसाळ्यात नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉईडची नवी, संयुग्मित लस टोचली. सरकारी यंत्रणेने ही लस मोहीम म्हणून देण्याची ही पहिलीच वेळ. शहरातल्या २२ आरोग्य केंद्रांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली ११ आधी घेतली, त्यामुळे तुलना करता आली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: लस मिळालेल्या वस्त्यांतल्या मुलांमध्ये कल्चरने सिद्ध झालेला टायफॉईड निम्म्याहून कमी. जो ताप आलाच नाही, त्याला विडाल नाही आणि अझीही नाही.

नवी मुंबईची हद्द बेलापूरला संपते. खारघर, कामोठे, कळंबोली १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत गेले. मोहीम त्यांच्या वेशीवर थांबली. लसीकरणावरच्या राष्ट्रीय सल्लागार गटाने २०२२ मध्ये ही लस देशाच्या कार्यक्रमात घ्यावी अशी शिफारस केली. पनवेलमध्ये मात्र ती मिळते मुलांच्या खासगी डॉक्टरांकडे, पदरचे पैसे मोजून. आणि टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या घरांतली मुलं तिथे क्वचितच पोहोचतात.